क्रॉसओव्हरचं ४२ हजारांचं किट आणि सोबतचा आलेख: विश्वास कशावर ठेवायचा?

मध्यसप्तक (सांगली)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे बुकशेल्फ स्पीकरची एक जोडी आहे. साडेसहा इंची वूफर (खालच्या स्वरांसाठी), एक इंची सिल्क डोम ट्वीटर (वरच्या स्वरांसाठी), २००६ च्या आसपासची. वापरलेलीच घेतली, ३८ हजारांना. ऐकणं जवळपास सगळं शास्त्रीय गायन: किशोरीताई, मल्लिकार्जुन मन्सूर, शिवाय मित्रांकडून जमवलेली मैफलींची जुनी ध्वनिमुद्रणं. खोली ११ बाय १३ फूट. खाली विट्रिफाइड फरशी, एका भिंतीला लोखंडी कपाट, समोर सरकत्या काचेची खिडकी. स्पीकर शोकेसवर ठेवलेत आणि मी खाली बैठकीवर बसून ऐकतो.

एका विक्रेत्याने (नाव देत नाही) या मॉडेलसाठी क्रॉसओव्हरचं (वूफर आणि ट्वीटर यांच्यात आवाज वाटून देणाऱ्या सर्किटचं) 'अपग्रेड किट' सुचवलंय. नवे कंडेन्सर, तांब्याच्या पट्टीच्या कॉइल, आतली वायर. किंमत ४२ हजार, म्हणजे स्पीकरपेक्षा जास्त. सोबत आधीचा आणि नंतरचा आलेख आहे (कोणत्या वारंवारितेला आवाज किती मोठा येतो त्याचा), तो खाली जोडलाय. लाल रेघ वरखाली, निळी बरीच सरळ. तळाशी लिहिलंय की २०० तास वाजल्यावर खरा आवाज खुलतो. माल परत करायचा तर १५ दिवसांत.

माझी मूळ तक्रार अशी की तंबोऱ्याची जवारी (तारेचा झणकार) या स्पीकरवर बोथट येते. हेडफोनवर तेच ध्वनिमुद्रण लखलखीत असतं. एक मित्र म्हणतो आलेख-बिलेख सगळं झूठ, कान काय म्हणतो ते बघ. दुसरा म्हणतो आलेखात दिसत नाही ते अस्तित्वातच नाही. पैसे साठवून ठेवलेत, पण विक्रेत्याला नेमकं काय विचारायचं तेच कळत नाहीये.

निनाद_डोंबिवली

मी गेल्या वर्षी माझ्या स्पीकरचे कंडेन्सर बदलले, इलेक्ट्रोलिटिक काढून चांगले फिल्मचे घातले. पहिल्याच आलापात फरक कळला. आवाज मोकळा झाला, तंबोऱ्याच्या तारा सुट्या ऐकू यायला लागल्या. घरी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी बायकोने विचारलं की काय केलंस? मोजमापावर फार विसंबू नका. माइकला राग कळत नाही.

तापकीरगल्ली (पुणे)

मध्यसप्तक, आलेख नीट पाहिला. निनाद, तुमच्या अनुभवाकडे येतोच, कारण त्यात तथ्य आहे.

मी स्पीकर दुरुस्तीचं काम करतो. कुजलेल्या फोमच्या रिंगा, जळालेल्या व्हॉइस कॉइल, क्रॉसओव्हर. टेबलावर एलसीआर मीटर (कंडेन्सर, कॉइल मोजणारा), लॅपटॉपवर आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर आणि सीरियल नंबरप्रमाणे कॅलिब्रेशन फाइल मिळणारा यूएसबी माइक. मोजणी हे माझं रोजचं काम आहे आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच कुणी मोजणीचा असा वापर केला की मला राग येतो.

उभा अक्ष बघा. शून्यापासून १०० डीबीपर्यंत (डेसिबल, आवाजाची पातळी) ताणलाय आणि चित्राची उंची बोटभर. अशा अक्षावर ५ डीबीचा डिप (खड्डा) डोळ्याला सहज जाणवत नाही. लाल रेघेला मात्र स्मूदिंग (आजूबाजूच्या बिंदूंची सरासरी काढून रेघ गुळगुळीत करणं) कमी आहे, निळीला १/३ ऑक्टेव्ह, म्हणजे बरंच. कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही आहे. नुसत्या स्मूदिंगने कुठलीही रेघ सरळ होते. दोन्ही रेघा एकाच स्मूदिंगवर मागा, आणि उभा अक्ष ५० डीबीचा मागा. प्रामाणिक माणसाला ते करायला मिनिट लागत नाही, कारण मूळ फाइल त्याच्याकडे असतेच.

आता १८० हर्ट्झपाशी बघा. लाल रेघ तिथे जवळजवळ ६ डीबी खाली गेलीय आणि निळी वर आहे. ट्वीटरच्या वाटेवरचा कंडेन्सर बदलून १८० हर्ट्झला काहीही होत नाही, कारण ट्वीटर तिथे वाजतच नाही. वूफरची कॉइल बदलून फार तर अर्धा-एक डीबी हलेल. मग ६ डीबी कुठून आले? दोन मोजण्यांच्या मध्ये माइक तरी हललाय, नाहीतर स्पीकर तरी. फरशीवरून परतणारा आवाज थेट आवाजाशी ज्या वारंवारितेला उलट्या फेजमध्ये (एकाची लाट वर, दुसऱ्याची खाली) भेटतो तिथे असा खड्डा पडतो, आणि उंची किंवा अंतर बदललं की तो सरकतो. थोडक्यात, या आलेखात दिसतोय तो फरक खोलीचा आहे. किटचा परिणाम त्यात असलाच तर शोधून काढता येणार नाही.

घरच्या खोलीत स्पीकर खरंच मोजायचा तर पहिलं प्रतिबिंब यायच्या आत मोजणी कापावी लागते. छत साडेनऊ फूट असेल आणि स्पीकर बरोबर मध्यावर टांगून माइक एक मीटरवर धरला, तर फरशीचा आवाज साधारण ६ मिलिसेकंद उशिरा येतो. काळाच्या एवढ्याशा खिडकीतून साधारण १७० हर्ट्झच्या खालचं खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी वूफरच्या शंकूच्या अगदी जवळ माइक धरून वेगळी मोजणी घ्यायची आणि दोन्ही जोडायच्या. म्हणून विक्रेत्याला विचारा: माइक कुठे होता, किती अंतरावर, खिडकी किती मिलिसेकंदांची, आणि दोन्ही वेळी स्पीकर जागचा हलला होता का? उत्तर 'आमच्या डेमो रूममध्ये मोजलंय' एवढंच आलं, तर त्या आलेखाचं वजन शून्य धरा.

तुमच्या दुसऱ्या मित्राचंही थोडं ऐकायला हवं. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये, आणि पुढे हरमन कंपनीत त्यांनी व शॉन ऑलिव्ह यांनी जे काम केलं, त्यातून एक गोष्ट पक्की झाली. लोकांना स्पीकर दिसत नसेल तर त्यांची पसंती बऱ्यापैकी सारखी निघते, आणि ती मोजणीवरून आधी सांगता येते. ऑलिव्ह यांच्या २००४ च्या निबंधात ७० स्पीकर होते. मोजणीवरून काढलेला अंदाज आणि श्रोत्यांची पसंती यांचा सहसंबंध ०.८६ आला (१ म्हणजे तंतोतंत जुळणं). पण त्या मोजण्या म्हणजे अशी एक रेघ नव्हे. स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळावर दर १० अंशांना एक, अशा ७० मोजण्या, आणि त्याही प्रतिध्वनीरहित. पुढे त्याचंच अमेरिकेत २०३४ क्रमांकाचं मानक झालं. समोरून एकच रेघ काढून 'बघा किती सरळ' म्हणणाऱ्याने अर्धीही माहिती दिलेली नसते. कॅटलॉगात '४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' छापतात तेही तसंच. पुढे अधिक-उणे किती डीबी ते लिहिलं नसेल तर तो आकडा कुठल्याही स्पीकरला चिकटवता येतो.

आता निनाद. तुम्हाला ऐकू आलं ते खरं आहे असं मी धरतो, आणि त्याचं कारण वहीत मांडता येतं. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरला आतला रोध असतो. नव्या, लहान बायपोलरला (स्पीकरमध्ये वापरतात त्या इलेक्ट्रोलिटिकला) अर्धा ओहम सहज. फिल्मच्या कंडेन्सरला तो जवळजवळ नसतो. ट्वीटर ६ ओहमचा धरा. पूर्वी सर्किटला साडेसहा ओहम दिसत होते, आता सहाच. ट्वीटर साधारण ०.७ डीबीने मोठा झाला, आणि तोही त्याच्या संपूर्ण पट्ट्यात. एवढा फरक कानाला कळतो, आणि तो 'मोकळेपणा', 'बारकावे' अशाच शब्दांत सांगितला जातो. पण ज्याने स्पीकर रचला त्याने तो अर्धा ओहम हिशेबात धरून ट्वीटरची पातळी ठरवली असेल, तर तुम्ही स्पीकर सुधारला नाहीत, त्याचा तोल बदललात. तो बदल तुम्हाला आवडला, ठीक आहे, तुमचे स्पीकर आहेत. फक्त त्याचं श्रेय महागड्या कंडेन्सरला देऊ नका. पाच-दहा रुपयांच्या रेझिस्टरने तो बदल उलटाही करता येतो.

२०० तासांचं मला सर्वांत जास्त खटकलं. वूफरचं सस्पेन्शन (शंकूला धरून ठेवणारा लवचीक भाग) सुरुवातीला थोडं सैल होतं, ते मोजता येतं. पण त्याला २०० तास लागत नाहीत आणि तुमचे वूफर २००६ पासून वाजताहेत. किटमध्ये हलणारा एकही भाग नाही. तांब्याच्या कॉइलला आणि फिल्मच्या कंडेन्सरला वाजून वाजून खुलायचं काही कारण नाही. रोज दोन तास ऐकलंत तर २०० तासांना १०० दिवस लागतात, आणि परतीची मुदत १५ दिवसांची. तोपर्यंत कान नव्या आवाजाला सरावतो आणि पैसेही परत मिळत नाहीत.

आणि एक विचारतो. बैठकीवर बसल्यावर तुमचा कान ट्वीटरच्या किती खाली असतो? टेपने मोजून सांगा. मला वाटतं तुमची जवारी तिथे हरवतेय.

विदुला_ठाणे

मी संख्याशास्त्र शिकवते, ऑडिओचा छंद घरातल्या थोरल्यांकडून आलाय. वरचं सगळं पटलं, तरी एक सुचवते. किट कुणी दिलंच, तर जोडीतला एकच स्पीकर बदलून घ्या. दुसरा जसा आहे तसा ठेवा. दोन्ही शेजारी-शेजारी, मोनो सिग्नल, समोर जुन्या मलमलच्या साडीचा पडदा. घरातलं दुसरं कुणीतरी नाणं उडवून ठरवेल कोणता वाजवायचा. अध्येमध्ये जागाही अदलाबदल करा, कारण जागेने आवाज बदलतो. दोघांचा आवाज आधी सारखा करून घ्या, नाहीतर जो जरासा मोठा तोच 'चांगला' वाटतो.

१६ वेळा ओळखायचा प्रयत्न केला आणि १२ किंवा जास्त वेळा बरोबर आलं, तर निव्वळ नशिबाने असं घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. १० प्रयत्न केले तर ८ पुरत नाहीत, ९ हवेत. आणि 'फरक आहे' हे ठरल्यावर 'कोणता बरा' हा प्रश्न पुन्हा वेगळा विचारा. लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि तिथे घोळ होतो.

टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हरमनच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर आधी न दाखवता आणि मग दाखवून ऐकवले. दिसायला लागल्यावर गुण बदलले. छोट्या, स्वस्त संचाचे गुण घसरले आणि मोठ्या, देखण्या स्पीकरचे वाढले. ते लोक त्याच धंद्यातले होते, तरीही. म्हणून निनाद यांच्या घरी कुणी न सांगता विचारलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिथे निदान अपेक्षेचा भाग नव्हता.

निनाद_डोंबिवली

०.७ डीबीचा हिशेब समजला, धन्यवाद. कुणी असा सांगितलाच नव्हता. पण विदुलाताई, पडद्यामागची परीक्षा मला पटत नाही. गाणं मी परीक्षा द्यायला ऐकत नाही. तणावात कान बधिर होतो. महिनाभर शांतपणे ऐकल्यावर जे जाणवतं ते दहा सेकंदांच्या तुकड्यात कसं कळणार?

विदुला_ठाणे

तुकडा दहा सेकंदांचा असलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. आठवडाभर 'अ' ऐका, आठवडाभर 'ब' ऐका, चहा पीत, दिवा मालवून, तुम्हाला हवं तसं. अट एकच: पडद्यामागे कोणता वाजतोय ते तुम्हाला माहीत नसावं. मात्र लांब अंतराने आठवणीवर तुलना करणं माणसाला जास्त अवघड जातं, पटकन बदलून ऐकलं तर बारीक फरक अधिक पकडता येतात. तरी तुमची पद्धत तुम्ही निवडा.

वाद्यकार_मिरज

आमच्या घरी तंबोरे बनतात, म्हणून दोन ओळी. जवारी लागते म्हणजे घोडीवर तार अशी निसटती टेकते की वरचे स्वरांश उमलतात. त्यांचा मोठा वाटा दोन ते पाच किलोहर्ट्झच्या भागात असतो. कुठलाही स्पीकर पारखायला मी तंबोऱ्याच्या जोड आणि खर्जाच्या तारांचं साधं ध्वनिमुद्रण लावतो, गाण्याशिवाय. गायकाकडे लक्ष गेलं की कान माफ करत जातो. तंबोरा एकटा असला की लपायला जागा राहत नाही. मध्यसप्तक, मिरज तुम्हाला जवळ आहे. स्पीकर घेऊन या, खरा तंबोरा शेजारी ठेवून ऐकू.

मध्यसप्तक (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. वाद्यकार, नक्की येतो.

विक्रेत्याला तापकीरगल्लींचे प्रश्न जसेच्या तसे पाठवले. माइकच्या जागेबद्दल उत्तर आलं नाही. 'आमच्या ग्राहकांचे अभिप्राय वाचा' असा निरोप आला आणि किंमत ३६ हजारांवर आली.

मोजलं ते असं. ट्वीटर जमिनीपासून १२५ सेंटिमीटरवर, बसल्यावर माझा कान ७८ वर. मध्ये अंतर दोन मीटर.

शेजारच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे मीटर होता, म्हणून एका रविवारी दोन्ही स्पीकर उघडून ट्वीटरच्या वाटेवरचा १० मायक्रोफॅरड क्षमतेचा बायपोलर कंडेन्सर मोजून घेतला. डावा: ९.७ मायक्रोफॅरड, आतला रोध ०.५ ओहम. उजवा: ८.३ आणि १.१ ओहम. हा फरक जास्त आहे का?

तापकीरगल्ली (पुणे)

आहे. उजवा कंडेन्सर सुकलाय. त्या बाजूचा ट्वीटर पाऊण डीबीच्या आसपास दबलाय आणि क्रॉसओव्हरही (वूफर-ट्वीटर जिथे वाटले जातात ती वारंवारिता) थोडा वर सरकलाय. गायकाचा आवाज मधोमध न येता जरा डावीकडे येत असणार, लक्ष देऊन बघा.

पण आधी उंची. १२५ आणि ७८, दोन मीटरवर: तुम्ही ट्वीटरच्या अक्षाच्या जवळजवळ १३ अंश खाली बसता. साडेसहा इंची वूफर आणि डोम यांचा क्रॉसओव्हर बहुधा अडीच-तीन किलोहर्ट्झला असतो. तिथे दोन्ही एकाच वेळी वाजतात, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. वरखाली सरकलात की दोघांच्या कानापर्यंतच्या अंतरात फरक पडतो आणि नेमका त्याच भागात आवाज गळतो. समोरच्या रेघेत हे दिसत नाही. उभ्या वर्तुळावरच्या मोजण्या लागतात त्या यासाठीच. वाद्यकारांनी सांगितलेला जवारीचा पट्टा हाच. हेडफोनवर जवारी ठीक येते त्याचाही उलगडा होतो.

आज संध्याकाळी स्पीकरच्या मागच्या कडेखाली लाकडी पट्टी सरकवून पुढे झुकवा, इतकं की ट्वीटर थेट कानाकडे बघेल. घसरू नये म्हणून खाली रबराचा तुकडा घाला. नाहीतर शोकेसवरून काढून साठ-सत्तर सेंटिमीटरच्या भक्कम स्टुलावर ठेवा.

मध्यसप्तक (सांगली)

स्टुलं मिळाली, स्पीकर त्यांवर ठेवले. जवारी बरीच वर आली! हेडफोनइतकी नाही, पण आता तार आणि भोपळा वेगळे कळतात. हे पडदा लावून तपासलेलं नाही, विदुलाताई, तेही करतो. गायकाचा आवाज डावीकडे येतो हे मात्र खरंच आहे.

बायाँचा (तबल्यातल्या डग्ग्याचा) घुमारा एका ठराविक ठेक्याला अजून फुगतो. आणि कंडेन्सर कुठला घेऊ?

तापकीरगल्ली (पुणे)

घुमारा खोलीचा. ११ फुटांची भिंत ५१ हर्ट्झला बोलते, १३ फुटांची ४३ ला, आणि ही मापं कुठल्याही कंडेन्सरने बदलणार नाहीत. बसायची जागा मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घ्या, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. खिडकीला जाड पडदा लावा आणि पहिलं प्रतिबिंब येतं त्या भिंतीला कापसाची गादी उभी करून बघा. गादीने खालचा घुमारा जाणार नाही, पण मधल्या पट्टीतला गोंगाट कमी होतो. लोखंडी कपाटाची दारं थरथरतात का तेही तपासा. फटीत फेल्टचा तुकडा घातला तरी पुरतं.

कंडेन्सर: १० मायक्रोफॅरड, पॉलिप्रॉपिलीन, ५ टक्के टॉलरन्स, २५० व्होल्ट. काही शे रुपयांत मिळेल. त्याहून महाग घ्यायचं कारण नाही. सोबत मालिकेत ०.४७ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घाला, म्हणजे डाव्या स्पीकरमध्ये आज आहे तोच तोल राहील. दोन्ही बाजूंना नवेच घाला. कॉइल आणि वायर तशाच राहू द्या. कमी रोधाची कॉइल टाकलीत तर वूफरचा तोल हलेल आणि मूळ रचना बिघडेल.

फिल्मचा कंडेन्सर आकाराने बराच मोठा असतो, जुन्याच्या जागी बसणार नाही. बोर्डाला आडवा ठेवून केबल टायने घट्ट बांधा, नाहीतर थरथरून सोल्डर सुटेल. ट्वीटरच्या तारा काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. काही स्पीकरांत कंपनीनेच ट्वीटर उलटा जोडलेला असतो आणि तो तसाच हवा असतो. तारा चुकून अदलाबदल झाल्या तर क्रॉसओव्हरपाशी मोठा डिप पडेल आणि स्टुलाने मिळवलेली जवारी पुन्हा जाईल.